अंगणातल्या वाळूच्या हौदाला लाकूड कोणतं घ्यावं?

मुलांसाठी वाळूचा हौद करायचं ठरलं की घरात आधी जागेची चर्चा होते, मग वाळूची. लाकडाचा विषय सगळ्यात शेवटी येतो आणि तोही "मागच्या कामातल्या फळ्या पडल्यात, त्याच मारू या" एवढ्यावर मिटतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. वाळू दरवर्षी बदलता येते. चौकट मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहते, भिजते, तापते, आणि तिच्यातून जे काही पाझरतं ते वाळूत उतरतं. दोन-तीन वर्षांचं मूल त्याच वाळूत फतकल मारून बसतं, काठावर हात टेकून उठतं आणि पुढच्या क्षणी तोच हात तोंडात घालतं.

कोकणात हा प्रश्न जास्त अवघड होतो. इथे चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि लाल मातीत वाळवी बारा महिने असते. त्यामुळे लाकडाला काहीतरी मारल्याशिवाय ते टिकणार नाही, असं आपण धरूनच चालतो. पण मारलेलं औषध तोच पाऊस धुऊन वाळूत नेतो. म्हणून मी एकच पद्धत सुचवतो. औषधाविना टिकेल असं लाकूड निवडायचं, ते कमीत कमी वापरायचं, आणि बाकीचा टिकाऊपणा बांधणीतून मिळवायचा.

आधी नकार द्यायची लाकडं

पहिला नकार सीसीए मारलेल्या लाकडाला. सीसीए म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण. १९३३ च्या सुमारास देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी ते शोधलं आणि पुढे जगभर खांब, कुंपणं, बागेतली बाकं, मुलांचे झोके यांसाठी ते वापरलं गेलं. दाबाखाली लाकडात खोल मुरवलं की वाळवी आणि बुरशी या दोन्हींपासून लाकूड अनेक वर्षं वाचतं, यात शंका नाही. अडचण अशी की त्यातला थोडा आर्सेनिक पृष्ठभागावरून हाताला लागतो आणि पावसाबरोबर खालच्या मातीत उतरतो. हे लक्षात आल्यावर अमेरिकेतल्या उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी सीसीए थांबवलं, युरोपीय संघाने २००४ पासून वारंवार हात लागणाऱ्या लाकडासाठी ते बंद केलं आणि ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये मुलांच्या खेळाच्या साधनांतून ते काढलं.

आपल्याकडे बागकामाच्या किंवा आयात पाइनच्या दुकानात "प्रेशर ट्रीटेड आहे, कधीच सडणार नाही" असं सांगितलं जातं. तेव्हा लगेच विचारा, कशाने ट्रीट केलंय? उत्तर लेखी मिळत नसेल तर ते लाकूड हौदासाठी घेऊ नका. नव्या सीसीए लाकडावर हिरवट झाक असते, कधी ओळीने बारीक चिरा पाडलेल्या दिसतात. पण उन्हापावसात ही झाक जाते आणि लाकूड करडं, साधं दिसू लागतं. आर्सेनिक नसलेली, तांब्यावर आधारलेली नवी औषधंही आहेत, आणि हिरवट झाक त्यांनाही येते. त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल लावता येत नाही, आणि जुन्या, कुठून आलं ते न कळणाऱ्या बाहेरच्या लाकडावर तर मुळीच विश्वास टाकू नका.

दुसरा नकार रेल्वेच्या जुन्या स्लीपरना. रिसॉर्ट आणि फार्महाउसच्या बागांमुळे यांची हौस वाढली आहे. अशा अनेक स्लीपरमध्ये क्रिओसोट मुरवलेलं असतं. ते दगडी कोळशाच्या डांबरापासून निघतं आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला "बहुधा कर्करोगकारक" अशा गटात ठेवलं आहे. युरोपात मुलांच्या खेळाच्या जागी ते चालत नाही. मे महिन्याच्या उन्हात स्लीपर तापला की काळा चिकट द्रव वर येतो, वास सुटतो. त्या काठावर चड्डीतलं मूल बसणार आहे.

महाड, रोहा, लोटे या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत आणि कारखान्यांच्या भंगारात लाकूडही निघतं. त्यात कूलिंग टॉवरचं जुनं लाकूड दिसायला भक्कम असतं, पण ते कायम पाण्यात राहणार म्हणून औषध मुरवूनच बसवलेलं असतं. ते घेऊ नका. पॅलेट आणि खोकी यांच्यावर शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे फक्त उष्णता दिलेलं, 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबी नकोच. एचटी असलं तरी त्या पॅलेटवर आयुष्यभर कसली पिंपं ठेवली होती हे शिक्का सांगत नाही. डाग, तेलकटपणा किंवा वास असलेलं पॅलेट तिथेच सोडा.

मरीन प्लाय "पाण्याचं लाकूड" म्हणून सुचवला जातो. भारतीय मानक आयएस ७१० च्या मरीन प्लायला परिरक्षक औषध दिलेलंच असतं, आणि कापलेल्या कडा फुगल्या की थर सुटून धारदार पापुद्रे निघतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड तर पहिल्या पावसातच लगदा होतात.

आणि किनाऱ्यावरची एक खास कल्पना म्हणजे जुनी होडी अंगणात आणून तिच्यात वाळू भरायची. दिसायला देखणी, मुलंही खूश. पण होडीच्या तळाला शेवाळ आणि कालवं धरू नयेत म्हणून विषारी रंग दिलेले असतात, तांब्याच्या संयुगांचे तर हमखास. त्यावर वर्षानुवर्षांची तेलं, डिझेल आणि पुट्ट्या. होडीत झेंडूची रोपं लावा, मुलं नको.

घरच्या घरी मारली जाणारी औषधं

लाकूड चांगलं आणायचं आणि मग त्यावर गाडीचं जळकं ऑइल फासायचं, ही आपल्याकडची फार जुनी सवय. कुंपणाच्या मेढींना ती ठीक वाटत असेल, पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जड धातू आणि जळणातून तयार झालेली कर्करोगकारक संयुगं असतात. डांबराचंही तेच. वाळवीचं औषध म्हणून दुकानात मिळणारं क्लोरपायरीफॉस मेंदूच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या कीटकनाशकांपैकी आहे. हौदाच्या आसपासच्या मातीतही ते ओतू नका.

काजूच्या टरफलाचं तेल मात्र "नैसर्गिक" म्हणून सुटतं. वाळवीवर ते चांगलं चालतं हे खरं. पण काजू फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिले असतील तर हे तेल कातडीचं काय करतं ते सांगायला नको. दमट हवेत ते नीट सुकतही नाही. मुलाच्या मांडीला लागेल अशा फळीवर ते अजिबात नको. बोरॅक्स आणि बोरिक पावडरचं द्रावणही घरगुती उपाय म्हणून सांगितलं जातं. घरातल्या कोरड्या लाकडाला त्याचा उपयोग होतो, पण ते लाकडात पक्कं बसत नाही, पावसात विरघळून बाहेर येतं. म्हणजे लाकूड वाचत नाही आणि वाळूत बोरॉन जातो.

जुन्या घराचं लाकूड

गावात कौलारू घरं पाडून स्लॅब टाकली जात आहेत आणि पन्नास-साठ वर्षं सुकलेलं साग, फणस, ऐन, किंजळ अक्षरशः जळणाच्या भावात जातंय. असं लाकूड मिळालं तर हौदासाठी याहून चांगलं काही नाही, फक्त तपासून घ्या.

रंगवलेलं काहीही घेऊ नका. दारं, चौकटी, खिडक्यांचे गज-पट्ट्या, देवघराच्या कडा यांवर ऑइलपेंटचे थर असतात आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग घासून काढायला जाल तर शिशाची धूळ अख्ख्या अंगणात पसरेल, म्हणून घासायच्या फंदातही पडू नका.

वासे आणि तुळया सहसा बिनरंगाच्या असतात. त्यांत तीन गोष्टी बघा. भिंतीत गेलेल्या टोकांना डांबर फासलेलं असेल तर तेवढी टोकं कापून टाका, आणि डांबर कुठपर्यंत मुरलंय ते कापलेल्या तोंडावर पाहून आणखी वीतभर पुढे कापा. चुलीवरच्या वाशांवर काजळीचा थर असतो, तो धुराचाच अर्क आहे, रंध्याने पुरता निघाला पाहिजे. आणि माळ्यावर भात, सुपारी, आंब्याच्या पेट्या ठेवताना कीड लागू नये म्हणून पावडर टाकायची पद्धत होती का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. "हो, गॅमॅक्झिन टाकायचो" असं उत्तर आलं तर माळ्याच्या फळ्या तशाच सोडा.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जाड तुळई किंवा खांब घेऊन गिरणीवर चारही बाजूंनी अर्धा-पाऊण इंच उतरवून घ्यायचा आणि आतल्या गाभ्यातून फळ्या काढायच्या. बाहेरच्या पट्ट्या वेगळ्या ठेवा, चुलीत घालू नका. नेण्याआधी सगळे खिळे काढा, नाहीतर गिरणीवाला पातं तुटल्याचे पैसे लावेल आणि ते योग्यच असेल.

नवं लाकूड घ्यायचं तर

माझी पहिली पसंती फणसाला. गाभा पिवळाधमक, कालांतराने तपकिरी होतो, वाळवी सहसा लागत नाही, रंध्याखाली गुळगुळीत होतं आणि कोकणात कुठेही मिळतं. पहिल्या पावसात त्यातून पिवळं पाणी उतरतं. याच पिवळ्या रंगाने बौद्ध भिक्खूंची चीवरं रंगवत, त्यामुळे घाबरू नका. मुलांच्या कपड्यांना डाग नको असतील तर फळ्या बसवण्याआधी काही दिवस पाण्यात भिजवून सावलीत सुकवा.

साग उत्तमच. त्याच्या गाभ्यातच वाळवीला न मानवणारी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात. भारतीय मानक आयएस ४०१ मध्ये जमिनीत पुरलेल्या गाभ्याच्या खुंट्या किती टिकतात यावरून लाकडांचे तीन वर्ग केलेत. सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकलं तर पहिला, ६० ते १२० दुसरा, त्याहून कमी तिसरा. साग पहिल्या वर्गात, आंबा तिसऱ्यात. पण हा वर्ग गाभ्याचा असतो. बाहेरचं पांढरं लाकूड सागाचं असो की आणखी कशाचं, ते वाळवी आणि भुंगा दोघांनाही आवडतं. आजकाल बाजारात कोवळा, लागवडीतला साग येतो आणि त्यात पांढऱ्याचं प्रमाण खूप असतं. महाग पांढऱ्या सागापेक्षा पक्क्या गाभ्याचा फणस कधीही चांगला.

ऐन आणि किंजळ भक्कम असतात, आपली जुनी घरं त्यांवर उभी आहेत. ऐन सुकताना तडकतो, म्हणून जुना, तडकून झालेला ऐन घ्या. आकेशिया, म्हणजे ज्याला लोक ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात, स्वस्त आणि कठीण आहे. गाभा बघून घेतला तर चालेल, पण कापताना-घासताना त्याची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते.

आंबा नको, दोन पावसांत मऊ पडतो. सुरूचे वासे सरळ दिसतात, पण चिरतात आणि मातीलगत लवकर कुजतात. माडाचं लाकूड बाहेरून लोखंडासारखं, आतून भुसभुशीत, आणि त्याच्या कुसळी सुईसारख्या घुसतात. बांबूची फोडलेली कड तर धस भरायची हमखास जागा. आणि रानातून कुणी फुकट आणून दिलेल्या लाकडात काजरा नाही ना, एवढं जाणत्या माणसाकडून बघून घ्या. काजऱ्यात स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं. कण्हेरीच्या काठ्याही हौदाच्या आसपास नकोत.

घरच्या आवारातला फणस तोडून घ्यायचा विचार असेल तर थांबा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत. आधी वन विभागाकडे परवानगीची चौकशी करा. तसंही ओलं लाकूड लगेच वापरता येत नाही. दीड इंची फळीला सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून, निदान सहा-आठ महिने द्यावे लागतात, आणि पावसाळ्यातले महिने त्यात धरू नयेत.

वखारीत उभं राहून काय बघायचं

मेस्त्रीला बरोबर न्या, पण निवड तुम्ही करा. मेस्त्रीचं लक्ष लाकूड सरळ आहे का याकडे असतं, तुमचं लक्ष त्याला काय लागलंय याकडे हवं. प्रत्येक फळीचं तोंड बघा. गाभा आणि पांढरं यांच्यातली सीमा तिथे स्पष्ट दिसते. फळी उचलून आपटा, बारीक पिठी गळली तर भुंगा आत आहे. कापलेल्या ताज्या तोंडाचा वास घ्या. साग, फणस यांचा स्वतःचा वास येतो. रॉकेल, डांबर किंवा औषधाचा येता कामा नये. वखारीतही वाळवी लागू नये म्हणून ढिगाऱ्यावर फवारतात, तेव्हा स्पष्ट विचारा, "याला काही मारलंय का? लहान मुलांसाठी पाहिजे." मुलांचं नाव काढलं की बहुतेक जण खरं सांगतात. फवारलेलं असेल तर वरच्या फळ्या सोडून लाकडाचा ओंडका तुमच्यासमोर चिरून मागा.

लाकूड मातीला लावायचंच नाही

कोकणात हौदाची भिंत लाकडाची करायची गरजच नाही, आपल्याकडे चिरा आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचा एक थर जमिनीत आणि एक थर वर, सांधे चुना किंवा सिमेंटने पूर्ण भरलेले. वर मुलांना बसायला चारी बाजूंनी लाकडी फळ्या. वाळवीला मातीतून थेट लाकडात शिरता येत नाही, भिंतीवरून चढली तर तिची मातीची नळी लगेच दिसते आणि झाडूने पाडता येते.

सांधे भरण्याबद्दल आग्रह धरतो, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप आहे. कोरड्या रचलेल्या गडग्याच्या फटीत, दगडाखाली, लाकडाच्या पोकळीत ते सहज बसतं. म्हणून बसायच्या फळीखाली पेटी, कप्पा, खेळणी ठेवायची जागा असं काहीही करू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

आतली जागा ५ × ५ फूट आणि भिंत ७ इंच धरली, तर ८ इंच रुंद, दीड इंच जाड फळ्या भिंतीवर बसून आत इंचभर पुढे येतात. दोन फळ्या ७४ इंचांच्या, दोन ५८ इंचांच्या. एकूण लाकूड दोन घनफुटांच्या आत. घट धरून सव्वादोन सांगा. लाकूड इतकं थोडं लागतं, तेव्हा चांगलंच घ्या. कोपऱ्यांना तिरका सांधा मेस्त्रीला सुंदर वाटतो, पण पावसाळ्यात फुगून-आकसून तो उघडतो आणि त्या फटीत बोट चिमटतं. सरळ सांधाच करा.

फळ्या कायमच्या ठोकू नका. भिंतीत स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवून घ्या, फळीला भोक पाडून वरून बोल्टचं तोंड लाकडात बुडेल असा खळगा करा. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड गंजतं, साग-ऐनाच्या लाकडावर काळे ओघळ आणतं आणि गंजलेलं खिळ्याचं डोकं वर येतं. समुद्र दिसण्याइतकं घर जवळ असेल तर ३१६ दर्जाचं स्टील मागा, आत असाल तर ३०४ पुरतं.

तळाला फळ्या नकोत. तीन इंच खडी, त्यावर पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल, त्यावर वाळू. भिंतीच्या तळाशी पाणी जायला जाळी लावलेली छिद्रं. वाळू ९ इंच भरायची तर सुमारे १९ घनफूट लागते, म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्सा. किनाऱ्यावरची वाळू आणू नका. सागरी किनारा नियमन क्षेत्रात वाळू उपसायला बंदी आहे आणि तिच्यातलं मीठ ओल धरून ठेवतं. पावती असलेली नदीची वाळू धुऊन, चाळून घ्या. दगड भरडून केलेली क्रश सँड नको, तिची बारीक धूळ फुप्फुसात जाते.

घासणं आणि तेल

सगळ्या कडा गोल झाल्या पाहिजेत, वरच्याही आणि खालच्याही, कारण मुलं फळीखाली हात घालून लोंबकळतात. आधी रंधा, मग ८० नंबरचा काचकागद, मग १२०, मग १८०. नंतर फळीवर ओलं फडकं फिरवून सुकू द्या आणि पुन्हा १८० मारा. पाण्याने उभे राहिलेले तंतू यात निघतात. शेवटी जुना नायलॉनचा मोजा हातावर चढवून फळीवरून फिरवा. जिथे तो अडकेल तिथे धस आहे. हे सगळं हौदापासून लांब करा, तोंडाला मास्क लावून, म्हणजे भुसा वाळूत जाणार नाही.

फणस आणि साग यांना मी काहीच लावत नाही. वर्षभरात ते करडे होतात, पण तो फक्त वरचा पापुद्रा असतो. तेल लावायचंच असेल तर अळशीचं कच्चं तेल, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत, अगदी पातळ हात. "बॉइल्ड" लिहिलेलं घेऊ नका, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवून मग टाका. खोबरेल सुकत नाही, मुंग्या आणि बुरशी धरतं. रंग हवाच असेल तर आयएस ९८७३ च्या भाग ३ नुसार, म्हणजे खेळण्यांतल्या घातक धातूंच्या मानकानुसार तपासलेला पाण्याचा रंग घ्या.

पावसाळा

आगोटीच्या कामांतच फळ्यांचं काम धरा. मेअखेर बोल्ट सोडून फळ्या धुऊन सुकवून पडवीत उभ्या ठेवा. हौदावर उतार काढून पत्रा किंवा ताडपत्री ताणा, वाळूवर नुसती पसरू नका, खाली ओल आणि किडे साठतात. दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं की वाळू उलटून दोन-चार दिवस तापू द्या, फळ्यांवर पुन्हा मोजा फिरवा, लागेल तिथे घासा आणि बसवा. अशी वर्षातले चार महिने कोरड्यात राहणारी फणसाची फळी मुलं मोठी होईपर्यंत सहज पुरते. रोज संध्याकाळी हौद झाकायला जाळीची चौकट करा, मांजरं घाण करतात ती थांबते.

हौद आधीच बांधला असेल तर

लाकूड कुठून आलं ते आठवत नसेल, किंवा त्यावर जळकं ऑइल मारल्याचं आता लक्षात येत असेल, तर ते घासून किंवा वर रंग देऊन वापरात ठेवू नका. घासल्याने धूळ होते, रंगाचे पोपडे निघतात. फळ्या काढा, वाळू पूर्ण बदला आणि काढलेली वाळू भाजीच्या वाफ्यात टाकू नका. संशयित लाकूड बंबात, चुलीत किंवा शेकोटीत कधीही जाळू नका. सीसीए मारलेल्या लाकडाच्या राखेत आर्सेनिक राहतो, आणि आपल्याकडे तीच राख भांडी घासायला आणि अळवाच्या बुंध्याला जाते. हे लाकूड कोरड्यात वेगळं ठेवा आणि घातक कचरा म्हणून कुठे द्यायचं ते नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. नवीन फळ्या येईपर्यंत मुलं चिऱ्याच्या काठावरच बसू देत, आणि खेळून आल्यावर खाण्याआधी साबणाने हात धुवायला लावा.